पायांची नोंद

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात.
मला पाळण्यापर्यंत कोणी बोलावत नाही.
मी पोचते सोळाव्या वर्षी,
डिकिन्सनच्या पुढे पन्नास मैल, बाहेर उणे एकोणीस,
भाड्याच्या गाडीचा हीटर फक्त उजव्या पायाला ऊब देतो.
जिममध्ये पॉपकॉर्नचा वास, एका टोकाला स्टेज,
स्टेजवर कुठल्यातरी नाटकातलं
पुठ्ठ्याचं झाड.

डारिया बासाराबा. नंबर तेवीस.
एकतीस गुण केले त्या रात्री. ते मी लिहिलेच नाहीत,
गुण सगळ्यांनाच दिसतात.
मी लिहिलं: डावा पाय आधी टेकतो.
मी लिहिलं: चुकली तरी बाकाकडे बघत नाही.
पडलेल्या मुलीला हात देते,
पण आधी चेंडू कुठे गेला ते बघते.
याच्याखाली दोन रेघा.

तिची आई शाळेची बस चालवते.
तिने वरेनिकी वाढले, बटाट्याचे, वर तळलेला कांदा,
आणि मी खाता खाता बोलत गेले,
शिष्यवृत्ती, फिजिओ, अभ्यासाला वेगळी शिकवणी,
तिसऱ्या वर्षापर्यंत सुरुवातीच्या पाचांत.
‘पर्यंत’ मी फार हलक्या हाताने ठेवला टेबलावर.
आईने तो उचलला नाही.
मीठ पुढे सरकवलं आणि म्हणाली,
हिला सकाळी उठवावं लागत नाही.
कधीच लागलं नाही.

आल्या आल्या आम्ही तिचा शॉट काढून घेतला.
वडिलांनी कोठारात ठोकलेल्या रिंगवर
अकरा वर्षं घोटलेला,
छताची तुळई चुकवायची म्हणून सपाट मारलेला शॉट.
कोपर आत. मनगट सैल. पुन्हा.
रोज चारशे, त्यातले दोनशे नुसते भिंतीवर.
मोठ्या मैदानात तुळई नसते, मी म्हणायचे,
आणि ती वर बघायची, खात्री करून घ्यायची.
ऑक्टोबरात टीममधली सगळ्यात वाईट नेम तिची.
फेब्रुवारीतही.
जुनं गेलेलं, नवं न आलेलं,
त्या मधल्या जागेत माणसाने किती दिवस काढावेत
याचा तक्ता आमच्याकडे नाही.
झोपेचा आहे. उडीचा आहे.
पाणी किती प्यायली त्याचासुद्धा आहे.

तिसरं वर्ष उजाडलं. सामन्यामागे सहा मिनिटं.
मुख्य कोच म्हणाल्या, त्या जागेवर कोणीतरी बघ.
मी पुन्हा गाडी काढली.

मियाटा डोलो. मिनीआपोलिसची.
शनिवार-रविवार कॉलेज बघायला आली
तेव्हा प्रश्न निघाला, राहील कोणाकडे?
खोलीभर मुली आपापल्या बुटांच्या नाड्या बघत होत्या.
डारिया म्हणाली, माझ्याकडे जास्तीची गादी आहे.
तिला ठाऊक होतं ही कोणाच्या जागेवर येतेय.
मला ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे.
मी म्हटलं, छान.

रविवारी सातला मी वरच्या गॅलरीत गेले.
खाली दोघीच. अर्धे दिवे.
मियाटा नेम धरत होती,
डारिया रिंगखाली उभी राहून चेंडू परत देत होती,
दर वेळी बरोबर छातीच्या उंचीवर.
मग ती मध्येच थांबली, गेली, गुडघ्यावर बसली,
आणि मियाटाचा डावा पाय हाताने धरून
दोन बोटं मागे सरकवला.
काहीतरी बोलल्या. हसल्या.
पुढचा चेंडू जाळीला चाटून सरळ खाली.

नंतर जिन्यात गाठ पडली.
घामाने केस कपाळाला चिकटलेले, हातात दोघींच्या पाण्याच्या बाटल्या.
म्हणाली, चांगली आहे. घ्या तिला.
दोन पायऱ्या उतरली, वळली.
फक्त तिचा शॉट काढून घेऊ नका, कोच.

मी वही उघडली.
पेन गाडीत राहिलं होतं.